संकलनाच्या टेबलावरून कॅमेरा तोलताना: नवोदितांसाठी मार्गदर्शन

नाशिकमध्ये पहिला लघुपट किंवा माहितीपट करू पाहणारी मंडळी सल्ला विचारतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा कॅमेऱ्याचाच असतो. कोणता आणावा, भाड्याने की विकत, ४के (सुमारे चार हजार पिक्सेल रुंदीचे चित्र) पुरेल की ६के हवा, असे ते विचारतात. प्रश्न योग्यच आहे, पण तो फार लवकर विचारला जातो, असे माझे ठाम मत आहे. सिनेमा कॅमेऱ्याच्या मर्यादा चित्रीकरणाच्या दिवशी क्वचितच त्रास देतात. त्या खऱ्या अर्थाने समोर येतात ते काही आठवड्यांनी, म्हणजे फुटेज संगणकावर उघडून कापायला घेतले, डिस्क भरत आली आणि जळून पांढरा पडलेला उजेड परत आणता येत नाही असे लक्षात आले की. म्हणून पुढील पायऱ्या शेवटापासून उलट मोजत येतात. उदाहरणासाठी मी ब्लॅकमॅजिकचा ‘पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के’ हा एकच कॅमेरा सर्वत्र धरला आहे. तो २०१८ साली आला आणि आता जुना म्हणावा असा झाला आहे. तरीही त्याची बलस्थाने आणि उणिवा दोन्ही इतक्या ठळक आहेत की शिकण्यासाठी तो फार उपयोगी पडतो. आपल्या हाती दुसरा कॅमेरा असला तर आकडे बदलतील, प्रश्न मात्र हेच राहतील.

पहिली पायरी: काम कुठे दाखवायचे ते ठरवणे

चित्रपट फोनवर आणि यूट्यूबवर पाहिला जाणार आहे की महोत्सवात चित्रपटगृहाच्या पडद्यावर, हे सर्वांत आधी लिहून ठेवावे. चित्रपटगृहासाठी डीसीपी नावाचा फाइलसंच तयार करावा लागतो. त्यातील २के चित्राचा आकार ‘फ्लॅट’ पद्धतीत १९९८ × १०८० आणि ‘स्कोप’ पद्धतीत २०४८ × ८५८ पिक्सेल असतो. म्हणजे २के डीसीपी हेच ध्येय असेल, तर ४०९६ × २१६० पिक्सेलचे चित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याकडे आधीच दुपटीने जागा आहे आणि संकलनात चौकट थोडी आत घेण्याची मुभाही मिळते. अशा वेळी केवळ आकडा मोठा आहे म्हणून ६के किंवा ८केच्या मागे धावण्याचे कारण उरत नाही.

याच वेळी फ्रेमचा वेगही ठरतो. चित्रपटगृहात सेकंदाला २४ फ्रेम सर्वत्र निर्धास्तपणे चालतात. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. फ्रेमच्या काळातला किती भाग शटर उघडा राहतो ते अंशांत मोजतात, ३६० अंश म्हणजे पूर्ण काळ. नेहमीचा १८० अंशांचा शटर ठेवून २४ फ्रेमवर चित्रीकरण केल्यास उघडझाप १/४८ सेकंदाची होते आणि काही दिव्यांखाली चित्रात लहरी दिसू लागतात. शटर १७२.८ अंशांवर ठेवला की तोच काळ अचूक १/५० सेकंद होतो. काम फक्त इंटरनेटसाठी असेल तर २५ फ्रेम आणि १८० अंश हा सोपा मार्ग आहे, कारण तिथेही १/५० सेकंदच मिळतो. चित्रीकरणाच्या मध्यावर फ्रेमचा वेग बदलू नये, कारण दोन वेगांचे फुटेज एका टाइमलाइनवर (संकलनात क्लिप ओळीने मांडण्याच्या पट्टीवर) आणले की हालचालीतला बारीक झटका झाकता येत नाही.

दुसरी पायरी: तपशीलपत्रक वाचणे आणि उणिवांची किंमत काढणे

या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, १८.९६ × १० मिलिमीटरचा आहे. ‘पूर्ण फ्रेम’ म्हटल्या जाणाऱ्या मोठ्या सेन्सरच्या ३६ मिलिमीटर रुंदीशी तुलना केली तर दृश्य सुमारे १.९ पटीने आवळते, त्यामुळे २५ मिलिमीटरची लेन्स इथे साधारण ४७ मिलिमीटरसारखी वागते. भद्रकाली किंवा जुन्या पंचवटीतल्या वाड्याच्या माजघरात चित्रीकरण करायचे असेल, तर पाठ भिंतीला टेकूनही समोरची तीन माणसे चौकटीत मावणार नाहीत. तिथे १२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद लेन्स आधीच मागवावी लागते.

कॅमेऱ्याच्या आत चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही. ऑटोफोकस आहे, पण तो बटण दाबल्यावर एकदा बसतो आणि चालत्या माणसाचा पाठलाग करत नाही. पाच इंची पडदा मागच्या बाजूला कायमचा बसवलेला आहे, तो वळत नाही आणि एप्रिलच्या उन्हात त्यावर धड काही दिसत नाही. कॅननची एलपी-ई६ बॅटरी साधारण तासभर टिकते. पाऊस आणि धूळ रोखणारी बांधणी नाही, म्हणून पावसाळ्यात ब्रह्मगिरीवर किंवा दिंडोरीच्या द्राक्षबागेतल्या मातीत तो न्यायचा असेल तर आवरणाची सोय करावी लागते.

अंगभूत एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) नाही, ही उणीव नवोदितांना सर्वांत जास्त चकवते. दुपारच्या थेट उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००, शटर १/५० सेकंद आणि लेन्सचे छिद्र एफ/४ ठेवायचे असेल, तर हिशोबाने सुमारे ७ स्टॉप प्रकाश अडवावा लागतो; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट. एवढा गडद फिल्टर स्वस्तातला असेल तर तो दृश्य प्रकाश रोखतो, पण अवरक्त किरण तसेच आत सोडतो आणि काळे कापड तपकिरी दिसू लागते. अवरक्त किरणही रोखणारा एनडी भाड्याच्या यादीत स्वतंत्रपणे लिहून घ्यावा.

यातील बहुतेक उणिवा पैशाने भरून निघतात. ट्रायपॉड किंवा गिंबल (चालताना कॅमेरा तोलून धरणारे साधन), एनडी, बाहेरील मॉनिटर, मोठी बॅटरी, यूएसबी-सीने जोडायची एसएसडी आणि हाताने फोकस सांभाळणारा एक शिकलेला माणूस यांचे भाडे कॅमेऱ्याच्या भाड्यात मिळवल्यावरच दोन कॅमेऱ्यांची तुलना खरी होते. अनेकदा असे आढळते की दिवसाला थोडा महाग असलेला, पण अंगभूत एनडी आणि चांगला ऑटोफोकस असलेला कॅमेरा एकट्याने माहितीपट करणाऱ्याला शेवटी स्वस्त पडतो.

आता राहिल्या पैशाने न भरणाऱ्या उणिवा. त्यांची वाटणी करताना एकच कसोटी लावावी: ही चूक संकलनात दुरुस्त होते की नाही? रॉ चित्रीकरणात, म्हणजे सेन्सरची माहिती जवळजवळ कच्ची साठवली जाते तेव्हा, व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची जुळणी) नंतर बदलता येतो. आयएसओही बदलता येतो, मात्र त्याला कुंपण आहे. या कॅमेऱ्यात १०० ते १००० हा एक पट्टा असून त्याचा मूळ आयएसओ ४०० आहे, तर १२५० ते २५,६०० हा दुसरा पट्टा असून त्याचा मूळ आयएसओ ३२०० आहे. एकाच पट्ट्यात राहून आकडा बदलणे संगणकावर शक्य असते, पण एका पट्ट्यातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही. एकाच पट्ट्यात आकडा वाढवून त्यानुसार उजेड बेतला की सेन्सरवर कमी प्रकाश पडतो, त्यामुळे उजळ भागाला जास्त जागा मिळते आणि सावलीला कमी. ही देवाणघेवाण ज्याला समजली, त्याला उन्हातला आयएसओ निवडताना अडखळावे लागत नाही.

याउलट हुकलेला फोकस, लुकलुकणारा उजेड, वेगाने कॅमेरा फिरवताना तिरपे झालेले खांब आणि पूर्ण पांढरे पडलेले आकाश या चुका कायमच्या असतात. रॉमधील ‘हायलाइट रिकव्हरी’ एखादाच रंगचॅनल भरून गेला असेल तर थोडेफार सावरून घेते. तिन्ही चॅनल भरून गेले असतील, तर तिथे सावरण्यासारखे काही उरलेलेच नसते.

तिसरी पायरी: नाशिकमध्ये एक दिवसाची परीक्षा

कॅमेरा एका दिवसासाठी भाड्याने आणावा आणि त्या दिवशी कथेतले एकही दृश्य चित्रित करू नये. तो दिवस फक्त परीक्षेचा ठेवावा. आपल्या शहरात यासाठी लागणाऱ्या सर्व परिस्थिती काही किलोमीटरांच्या आत मिळतात, ही नाशिककरांची मोठी सोय आहे. सार्वजनिक आणि धार्मिक ठिकाणी कॅमेरा उभा करण्याआधी संबंधितांची परवानगी घ्यावी, आणि प्रत्येक शॉटमध्ये ओळखीच्या माणसाचा चेहरा असावा, कारण त्वचेचा रंग बिघडलेला प्रेक्षकाला सर्वांत आधी जाणवतो.

सकाळी काळाराम मंदिराच्या परिसरापासून सुरुवात करावी. काळ्या दगडाची भिंत, तिच्या सावलीत उभा असलेला माणूस, त्याचे पांढरे धोतर आणि मागे उजळलेले आकाश या एकाच चौकटीत कॅमेऱ्याच्या उजेडाच्या आवाक्याची पूर्ण कसोटी लागते. निर्माते १३ स्टॉपचा आवाका सांगतात. त्यातला किती भाग आपल्या कामाचा आहे, हे आपल्यालाच शोधायचे असते. त्यासाठी तोच शॉट योग्य उजेडात घ्यावा, मग एकेक स्टॉप वाढवत आणि एकेक स्टॉप कमी करत पुन्हा घ्यावा आणि प्रत्येक वेळी क्लॅपवर (शॉटच्या सुरुवातीला आपटायच्या पाटीवर) किंवा साध्या कागदावर आकडा लिहून तो कॅमेऱ्याला दाखवावा. पडद्यावरच्या चित्रापेक्षा ‘फॉल्स कलर’वर (उजेडाची पातळी ठरावीक रंगांनी दाखवणाऱ्या सोयीवर) विश्वास ठेवण्याची सवय याच वेळी लावून घ्यावी.

त्यानंतर शक्य असेल तर येवल्याची पैठणी कॅमेऱ्यासमोर आणावी. सेन्सरसमोर बारीक नक्षी सौम्य करणारी गाळणी काही कॅमेऱ्यांत असते, या कॅमेऱ्यात ती नाही. त्यामुळे चित्र कुरकुरीत दिसते हे खरे, पण जरीच्या दाट काठावर आणि बारीक चौकडीच्या शर्टावर रंगीत लाटा उठतात, त्यालाच मोअरे म्हणतात. साडी जवळून, मध्यम अंतरावरून आणि दुरून टिपावी, कारण मोअरे ठरावीक अंतरावरच उठतो. लग्नाचा किंवा विणकराचा विषय असेल, तर ही एक परीक्षा कॅमेऱ्याचा निकाल लावण्यास पुरेशी आहे. कापड बदलणे, अंतर बदलणे किंवा फोकस किंचित चेहऱ्याकडे सरकवणे हे उपाय चित्रीकरणाच्या वेळीच करावे लागतात.

दुपारी वाहत्या रस्त्याच्या कडेला ट्रायपॉड लावून कॅमेरा हळू, मध्यम आणि वेगाने फिरवावा. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, म्हणून वेग वाढला की विजेचे खांब कलतात आणि जवळून जाणारी बस तिरपी होते. कोणत्या वेगापर्यंत हे डोळ्याला खटकत नाही, ते टिपून ठेवावे. हातात कॅमेरा धरून चालण्याचा एक शॉटही घ्यावा, कारण हाताच्या थरथरीने होणारी चित्राची लवलव संगणकातल्या स्थिरीकरणाने जात नाही, कित्येकदा उलट वाढते.

संध्याकाळ रामकुंडाजवळच्या घाटावर आणि रात्र सराफ बाजारात घालवावी. घाटावर उजेड मिनिटामिनिटाला उतरतो, त्यामुळे आयएसओ १००० कधी अपुरा पडतो आणि १२५० वर उडी कधी घ्यावी हे प्रत्यक्ष कळते. विशेष म्हणजे १२५० वरचे चित्र १००० पेक्षा स्वच्छ दिसते, कारण तिथे सेन्सरची दुसरी यंत्रणा काम करते. बाजारात स्वस्त एलईडी पाट्या आणि माळांखाली शटर १/५० सेकंद ठेवूनही लुकलुक दिसू शकते, कारण त्या दिव्यांचे स्पंदन विजेच्या ५० हर्ट्झशी जुळतेच असे नाही. शटरचा अंश थोडा पुढेमागे करून पाहावा आणि तरीही थांबले नाही तर तो दिवा चौकटीबाहेर ठेवावा. २०२७ च्या सिंहस्थात चित्रीकरण करण्याचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी ही रात्रीची परीक्षा अजिबात टाळू नये. गर्दीत उभे राहून प्रयोग करण्यास जागाही नसते आणि वेळही.

चौथी पायरी: डेटाचा हिशोब

ब्लॅकमॅजिक रॉमध्ये, म्हणजे या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलींत, ३:१, ५:१, ८:१ आणि १२:१ असे स्थिर दाबाचे (फाइल किती पट लहान करायची त्याचे) पर्याय असतात. ४०९६ × २१६० आकाराची १२ बिटची एक फ्रेम दाबण्याआधी सुमारे १३.३ मेगाबाइटची होते. ती ८:१ने दाबली आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर सेकंदाला सुमारे ४२ मेगाबाइट, म्हणजे तासाला जवळजवळ १५० गिगाबाइट लागतात. ५:१ला तोच आकडा तासाला सुमारे २४० आणि ३:१ला सुमारे ४०० गिगाबाइट होतो.

आता आपला चित्रपट १५ मिनिटांचा आहे आणि वापरलेल्या प्रत्येक मिनिटामागे १० मिनिटे चित्रित होतील असे धरले, तर एकूण अडीच तासांचे फुटेज जमते. ८:१ला ते सुमारे ३७५ गिगाबाइट भरते, आणि प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवायच्या असल्याने डिस्क किमान १.१ टेराबाइटची धरावी लागते. माहितीपटात हे प्रमाण सहज ४० पट जाते. तेव्हा हाच हिशोब एका प्रतीसाठी १.५ टेराबाइटवर पोहोचतो. पहिल्या कामासाठी माझा कल स्पष्टपणे ८:१कडे आहे. हिरवा पडदा लावून नंतर पार्श्वभूमी बदलायची असेल, तेवढ्या दृश्यांपुरते ५:१ घ्यावे. ‘क्यू०’ आणि ‘क्यू५’ हे स्थिर दर्जाचे पर्याय चांगले आहेत, पण त्यांत फाइलचा आकार दृश्यानुसार बदलतो आणि कार्ड किती वेळ पुरेल हे आधी सांगता येत नाही.

एच.२६५ या फाइल दाबण्याच्या पद्धतीत चित्रीकरण करणारे कॅमेरे याच्या कितीतरी लहान फाइल देतात, आणि तेवढ्यावर भुलून निर्णय घेतला जातो. त्या फाइलींत बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, तर शेजारच्या फ्रेमपासूनचा फरक तेवढा साठवलेला असतो. त्यामुळे टाइमलाइनवर मागेपुढे सरकताना संगणकाला प्रत्येक वेळी आजूबाजूच्या फ्रेम उलगडाव्या लागतात. डिस्क वाचते, पण प्रोसेसर दमतो. त्यातच चित्र ८ बिटचे असेल तर प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच मिळतात, १० बिटला १०२४ मिळतात आणि १२ बिटला ४०९६. गंगापूर धरणावरच्या संध्याकाळच्या आकाशात रंग गडद करताना ८ बिटच्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या उघड्या पडतात.

पाचवी पायरी: कार्डापासून डिस्कपर्यंत

दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १९१३ मध्ये त्यांनी आपले काम मुंबईहून नाशिकला आणले. त्यांच्या घरात फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची जोखमीची कामे सरस्वतीबाई फाळके सांभाळत. आज त्या जागी कार्ड उतरवण्याचे काम आहे, आणि तेही युनिटमधल्या एकाच जबाबदार व्यक्तीकडे सोपवावे. ज्याच्याकडे चहापाण्याची, गाडीची आणि कार्डाची अशी तिन्ही कामे आहेत, त्याच्याकडे ते कधीही देऊ नये.

कार्डांना क्रमांक द्यावेत. भरलेले कार्ड कॅमेऱ्यातून निघाले की ते वेगळ्या डबीत जावे. फाइल ओढून टाकण्याऐवजी डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमधील ‘क्लोन टूल’ वापरावे, कारण ते प्रत मूळ फाइलशी जुळते की नाही हे चेकसमने (फाइलीवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने) तपासते. दोन वेगवेगळ्या डिस्कवर तपासलेल्या प्रती झाल्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे, आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरात किंवा कार्यालयात ठेवावी. फिरत्या तबकडीची साधी डिस्क सेकंदाला १२० मेगाबाइटने लिहीत असेल, तर तासाभराचे १५० गिगाबाइट उतरायला सुमारे २१ मिनिटे लागतात आणि तपासणीत जवळजवळ तेवढाच वेळ पुन्हा जातो. दिवसाच्या वेळापत्रकात हा वेळ लिहून ठेवावा. खेड्यात चित्रीकरण असेल तर वीज जाण्याची शक्यता धरून लॅपटॉपसोबत यूपीएस न्यावा, कारण एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क मध्येच बंद पडली तर फाइलींची नोंद बिघडू शकते.

सहावी पायरी: कापणे

परीक्षेच्या दिवसाचे फुटेज आपल्याच संगणकावर, मित्राच्या भारी संगणकावर नव्हे, पूर्ण वाटेने नेऊन पाहावे. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ब्लॅकमॅजिक रॉ उघडते, मात्र तिच्यातून बाहेर पडणारे चित्र ३८४० × २१६० पर्यंतच मर्यादित आहे आणि तिच्यात नॉइज (चित्रात उठणारा दाणा) कमी करण्याचे साधन नाही. नवा कॅमेरा विकत घेतला तर ‘स्टुडिओ’ या विकतच्या आवृत्तीचा परवाना सोबत येतो. भाड्याच्या कॅमेऱ्यासोबत तो येत नाही, आणि रात्रीचे चित्रीकरण जास्त असेल तर हा फरक खर्चात धरावाच लागतो.

चित्र अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे संकलनापुरत्या हलक्या प्रती, बनवाव्यात. विंडोजवर १०८० आकाराच्या डीएनएक्सएचआर एलबी फाइली पुरतात. फाइलीचे नाव आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळेची नोंद) मूळ क्लिपशी जुळलेच पाहिजेत, म्हणून नावे कधीही बदलू नयेत. संवाद स्वतंत्र रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये घ्यावेत, तरी कॅमेऱ्यावरचा आवाजही चालू ठेवावा, कारण तोच दोन्ही फाइली जुळवण्याचा आधार असतो. क्लॅप प्रत्येक शॉटला द्यावा. घंटा आणि लाउडस्पीकरच्या गजरात आपोआप जुळवणी फसते, तेव्हा क्लॅपचा तो एक ठोका सगळे काम सोपे करतो.

संपूर्ण कट पक्का होईपर्यंत रंगाला हात लावू नये. पक्का झाल्यावर प्रॉक्सी बंद करून मूळ फाइलींवर परतावे, आणि एकही क्लिप ‘ऑफलाइन’ (मूळ फाइल न सापडलेली) नाही ना, हे शेवटपर्यंत सरकून पाहावे.

सातवी पायरी: रंग आणि पडदा

रॉ चित्र सुरुवातीला फिके दिसते, त्यात दोष नाही. कॅमेऱ्याच्या रंगपद्धतीतून रेक. ७०९ या नेहमीच्या पडद्यांच्या रंगपद्धतीत नेण्यासाठी ‘कलर स्पेस ट्रान्सफॉर्म’ वापरावे आणि नॉइज कमी करायचे असेल तर ते या रूपांतराच्या आधीच्या नोडमध्ये (रंगकामाच्या एका टप्प्यात) करावे. काळाराम मंदिराचे ते एकेक स्टॉपचे शॉट आता शेजारी मांडावेत. सावली वर उचलल्यावर दगडात दाणा कुठे उठतो आणि धोतराच्या चुण्या कुठे नाहीशा होतात, या दोन सीमांमधले अंतर हाच आपल्या कामापुरता त्या कॅमेऱ्याचा खरा आवाका आहे. ते अंतर वहीत लिहून ठेवावे. चित्रीकरणाच्या दिवशी उजेड मोजताना त्याचाच आधार घ्यावा. ते आपल्या कथेला अपुरे वाटले तरच दुसरा कॅमेरा शोधावा, आणि त्याचीही याच ठिकाणी, याच वेळेला परीक्षा घ्यावी.

डीसीपीसाठी डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. १६:९ प्रमाणातले चित्र १९९८ × १०८० च्या चौकटीत ठेवले की दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलची काळी पट्टी येते. ती नको असेल, तर कापण्याच्या टप्प्यावरच टाइमलाइन १.८५ प्रमाणात ठेवावी. आवाज केवळ डाव्या-उजव्या चॅनलमध्ये पाठवला तर मोठ्या दालनात कडेला बसलेल्या प्रेक्षकाला संवाद पडद्याच्या मधून न येता कोपऱ्यातून ऐकू येतो, म्हणून संवाद मधल्या चॅनलवर ठेवणारा मिक्स करून घ्यावा. प्रदर्शनाआधी एखाद्या चित्रपटगृहाकडे पहिल्या खेळापूर्वीची अर्धा तास वेळ मागावी आणि तिथे सर्वांत गडद दृश्य, सर्वांत उजळ दृश्य आणि सर्वांत हळू आवाजातला संवाद एवढे तीनच तुकडे शेवटच्या रांगेत बसून तपासावेत.